लॅटिनो लेखकांची पुस्तके : मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी कशी निवडावीत

'लॅटिनो लेखक' म्हटले की दोन वेगळ्या साहित्यपरंपरा डोळ्यांपुढे येतात, आणि पुस्तक निवडतानाचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली परंपरा लॅटिन अमेरिकेतली आहे. मेक्सिको, कोलंबिया, चिली, अर्जेंटिना, ब्राझील या देशांत स्पॅनिश किंवा पोर्तुगीजमध्ये लिहिलेले हे साहित्य मराठी वाचकांपर्यंत अनुवादातून पोचते. दुसरी परंपरा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतली आहे. ज्यांचे आईवडील, आजीआजोबा किंवा त्याआधीच्या पिढ्या या देशांतून आल्या, ते लेखक तिथेच राहतात आणि बहुधा इंग्रजीत लिहितात. गाब्रिएल गार्सिया मार्केझ पहिल्या परंपरेतले, सँड्रा सिस्नेरोस दुसऱ्या परंपरेतल्या. अमेरिकेतल्या शाळेने किंवा वाचकगटाने 'लॅटिनो लेखकाचे पुस्तक' मागितले, तर सहसा दुसरी परंपरा अभिप्रेत असते. म्हणून इथे तिच्यावरच भर दिला आहे. पहिलीसाठी एक छोटा भाग पुढे आहे.

लेबलाच्या आत कोण कोण आहे

लॅटिनो हा एकच एक समाज नाही. क्यूबातून १९५९ च्या क्रांतीनंतर बाहेर पडलेल्या कुटुंबाची कहाणी वेगळी आणि एल साल्वादोरच्या यादवीतून पळालेल्या कुटुंबाची वेगळी. प्वेर्तो रिको तर अमेरिकेच्याच ताब्यातला प्रदेश आहे. तिथल्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, त्यामुळे न्यू यॉर्कला आलेला प्वेर्तो रिकन माणूस कायद्याने परदेशी नसतो. नैऋत्येकडच्या काही मेक्सिकन कुटुंबांनी सीमा कधी ओलांडलीच नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा भूभाग अमेरिकेकडे गेला आणि ही कुटुंबे राहत्या घरी बसल्या जागी दुसऱ्या देशात गेली. हे ध्यानात ठेवले नाही, तर यादीतले प्रत्येक पुस्तक सीमा ओलांडण्याचेच निघते आणि वाचकाचा समज एकांगी होतो.

'हिस्पॅनिक' हा शब्द स्पॅनिश भाषेशी बांधलेला आहे. ब्राझिलियन वंशाचा लेखक लॅटिनो असतो, पण तो हिस्पॅनिक धरला जात नाही. स्पेनमधल्या लेखकाचे नेमके उलटे. शाळेच्या प्रकल्पात यातला कोणता शब्द वापरला आहे ते पाहून, शंका असल्यास शिक्षकांना आधीच विचारून घ्यावे.

निवडीआधी ठरवायच्या गोष्टी

- वाचक कोण आहे. नुसते वय पुरत नाही. इंग्रजीत सलग किती पाने वाचण्याची सवय आहे, तेही पाहावे.
- पुस्तक कशासाठी हवे आहे. झोपताना वाचून दाखवायचे पुस्तक, शाळेच्या निबंधासाठीचे पुस्तक आणि वाचकगटात चर्चेला घ्यायचे पुस्तक सहसा एक नसते.
- कोणत्या समाजाविषयी कुतूहल आहे. मुलाची वर्गमैत्रीण डॉमिनिकन असेल, तर मेक्सिकन सणावरचे पुस्तक देऊन तिच्या घराची ओळख होणार नाही.
- कोणती आवृत्ती हवी. इंग्रजी, स्पॅनिश आणि एकाच पानावर दोन्ही भाषा असलेली द्वैभाषिक, अशा तीन प्रकारच्या आवृत्त्या मिळतात. मूल शाळेत स्पॅनिश शिकत असेल तर द्वैभाषिक चित्रपुस्तक त्याला फार उपयोगी पडते.

मोठ्यांनी कुठून सुरुवात करावी

पहिलेच पुस्तक सुचवायचे असेल तर सिस्नेरोस यांचे 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' निवडावे. १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेस या छोट्या प्रकाशनाने ते काढले. शिकागोच्या गरीब वस्तीत वाढणारी एस्पेरान्झा नावाची मुलगी आपली गल्ली, शेजारणी, घराची लाज आणि लिहिण्याची ओढ यांविषयी बोलते. प्रकरणे एकदोन पानांची, वाक्ये सोपी, आणि दोन बैठकांत संपेल एवढे पुस्तक. इंग्रजी कादंबरीची सवय नसलेल्या आईवडिलांनाही ते जड जात नाही. स्पॅनिश वाचणाऱ्यांसाठी मेक्सिकोच्या नामवंत लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांनी केलेला अनुवाद आहे. भाषा सोपी असली तरी हे लहान मुलांचे पुस्तक नव्हे. त्यात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, मारहाण आहे, मुलींचे लवकर उरकलेले संसार आहेत. नायिका शाळकरी आहे एवढ्यावरून ते दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नये.

त्यानंतर पुढची निवड समाजानुसार करावी. न्यू मेक्सिकोतल्या जुन्या स्पॅनिशभाषक वस्त्यांसाठी रुडॉल्फो अनाया यांचे 'ब्लेस मी, अल्टिमा' (१९७२) आहे. सात वर्षांचा होऊ घातलेला अंतोनियो आणि त्याच्या घरी राहायला आलेली, जडीबुटीने आजार बरे करणारी वृद्ध अल्टिमा यांच्या नात्याची ही कादंबरी आहे. क्यूबन कुटुंबाच्या दोन तुकड्यांसाठी क्रिस्तिना गार्सिया यांचे 'ड्रीमिंग इन क्यूबन' (१९९२) घ्यावे. आजी क्रांतीच्या बाजूने बेटावर राहिलेली, मुलगी ब्रुकलिनमध्ये बेकरी चालवणारी, आणि नात या दोघींच्या मध्ये. प्वेर्तो रिकोसाठी एस्मेराल्डा सांतियागो यांचे 'व्हेन आय वॉज प्वेर्तो रिकन' (१९९३) हे आत्मकथन चांगले आहे. पुरस्कारांच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी ऑस्कर इहुएलोस यांचे 'द माम्बो किंग्ज प्ले साँग्ज ऑफ लव्ह' पाहावे. कादंबरीसाठीचे पुलित्झर १९९० मध्ये पहिल्यांदा एका लॅटिनो लेखकाला मिळाले ते या पुस्तकासाठी.

सध्याच्या स्थलांतराचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर दोन पुस्तके पुरेशी आहेत. वालेरिया लुइसेली यांनी न्यू यॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एकट्या आलेल्या मुलांसाठी दुभाष्याचे काम केले. त्या मुलांना विचारल्या जाणाऱ्या चाळीस प्रश्नांभोवती त्यांनी 'टेल मी हाऊ इट एण्ड्स' (२०१७) हा छोटा, शांत आणि हादरवणारा निबंध रचला. हाविएर सामोरा यांचे 'सोलितो' (२०२२) आतून लिहिलेले आहे. नऊ वर्षांचा मुलगा १९९९ मध्ये आईवडिलांशिवाय एल साल्वादोरहून निघतो आणि ग्वातेमाला, मेक्सिको, वाळवंट असे करत ॲरिझोनापर्यंत जातो. तो मुलगा म्हणजे लेखक स्वतः. 'सोलितो' वाचून झाल्यावर बातम्यांमधल्या 'घुसखोर' या शब्दामागे एक चेहरा दिसू लागतो, आणि या यादीतले एकच आत्मकथन घ्यायचे असेल तर ते हेच असावे.

लॅटिनो लेखकाने लॅटिनो जीवनावरच लिहावे, अशी अपेक्षा मात्र धरू नये. अर्जेंटिनात जन्मलेले हर्नान दियास यांच्या 'ट्रस्ट' या कादंबरीला २०२३ चे पुलित्झर विभागून मिळाले. तिचा विषय आहे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली वॉल स्ट्रीट.

एकच इतिहास, घरातल्या सगळ्यांसाठी

कुटुंबाने मिळून वाचायचे ठरवले तर डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या राजवटीवरची पुस्तके उत्तम जमतात. ही राजवट १९३० ते १९६१ चालली, आणि तिच्यावर जवळजवळ प्रत्येक वयासाठी चांगले पुस्तक आहे.

- पाच ते आठ वर्षे : जुनो दियास यांचे चित्रपुस्तक 'आयलंडबॉर्न' (२०१८). आपले बेट न आठवणारी लोला शेजाऱ्यांच्या आठवणी गोळा करून चित्र काढते. त्यातला 'राक्षस' म्हणजे हुकूमशाही, हे मोठ्यांना कळते. मुलाला कधी आणि किती सांगायचे ते पालकांनी ठरवावे.
- अकरा ते चौदा : जुलिया आल्वारेझ यांचे 'बिफोर वी वेअर फ्री' (२००२). बारा वर्षांच्या अनिताच्या घरातले मोठे लोक कुजबुजत का बोलतात, हे तिला हळूहळू उमगत जाते.
- सोळानंतर आणि मोठ्यांसाठी : आल्वारेझ यांचीच 'इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज' (१९९४). राजवटीला विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींपैकी तिघींना २५ नोव्हेंबर १९६० रोजी ठार मारण्यात आले. महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस २५ नोव्हेंबरला पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.
- सराईत वाचकांसाठी : जुनो दियास यांची 'द ब्रीफ वंडरस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ' (२००७, पुढच्या वर्षी पुलित्झर). भाषा रांगडी, शिव्या भरपूर, तळटिपांतून इतिहास. तिच्या जोडीला पेरूचे मारियो वार्गास योसा यांची 'द फीस्ट ऑफ द गोट' (२०००) वाचता येते. तिच्यातला छळ मात्र कमालीचा उघडपणे वर्णिला आहे.

आल्वारेझ यांचे कुटुंब १९६० मध्ये याच राजवटीमुळे देश सोडून न्यू यॉर्कला गेले. त्यामुळे किशोरांसाठी लिहितानाही त्यांच्या लेखणीत भीतीचा तपशील खरा उतरतो. आईने एक आणि मुलीने दुसरे पुस्तक वाचावे आणि जेवताना बोलावे, यासाठी त्यांच्या या दोन पुस्तकांची जोडी फार चांगली आहे.

लॅटिन अमेरिकेतले साहित्य : थोडक्यात

गार्सिया मार्केझ यांची सुरुवात 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ने करण्याचा आग्रह अनेकांना जड जातो. पिढ्यान् पिढ्या तीच नावे येतात आणि वाचक वाटेत थांबतो. 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' (१९८१) आधी घ्यावे. ते छोटे आहे आणि त्यांची शैली त्यात पूर्ण दिसते. हुआन रुल्फो यांचे 'पेद्रो पारामो' (१९५५) पानांनी कमी, पण वाचायला कठीण. इसाबेल आयेंदे यांची 'द हाऊस ऑफ द स्पिरिट्स' (१९८२) आणि लाउरा एस्किव्हेल यांची 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' (१९८९) वाचकगटात सहसा रमतात. दुसऱ्या कादंबरीचे प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होते.

मराठी वाचकांना जवळचा दुवा हवा असेल तर ओक्तावियो पाझ आहेत. हा मेक्सिकन कवी १९५१ मध्ये बोटीने मुंबईला उतरला, पुढे १९६२ ते १९६८ भारतात मेक्सिकोचा राजदूत होता, आणि १९९० मध्ये त्याला नोबेल मिळाले. 'इन लाइट ऑफ इंडिया' मध्ये त्याने पाहिलेली मुंबई आणि घारापुरीची लेणी भेटतात.

अनुवादित पुस्तक घेताना अनुवादकाचे नाव पाहावे. मराठी अनुवाद हाती आला तर तो मूळ स्पॅनिशवरून केला आहे की इंग्रजीवरून, हे आतल्या पानावर तपासावे.

चित्रपुस्तके : तीन ते आठ वर्षे

या वयोगटात निवड भरपूर आहे, आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना यातली काही पुस्तके अगदी घरची वाटतील. मेग मेदिना यांच्या 'मँगो, आबुएला अँड मी' (२०१५) मध्ये मियाची आजी परदेशातून तिच्याकडे राहायला येते. आजीला इंग्रजी येत नाही, नातीला पुरेशी स्पॅनिश येत नाही. घरातल्या वस्तूंवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवत आणि एका पोपटाच्या मदतीने दोघींचे बोलणे सुरू होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आजी यायची असेल, तर त्याआधी हे पुस्तक मुलाला जरूर वाचून दाखवावे. हुआना मार्टिनेझ-नील यांच्या 'आल्मा अँड हाऊ शी गॉट हर नेम' (२०१८) मधल्या मुलीला आपले सहा शब्दांचे लांबलचक नाव नकोसे वाटते. बाबा एकेका नावामागचे माणूस तिला सांगतात. शाळेत आपल्या नावाचा उच्चार चुकतो म्हणून हिरमुसणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले पुस्तक मिळणे कठीण.

युयी मोरालेस १९९४ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन मेक्सिकोहून अमेरिकेत आल्या आणि सार्वजनिक ग्रंथालयातल्या चित्रपुस्तकांतून इंग्रजी शिकल्या. 'ड्रीमर्स' (२०१८) ही तीच कहाणी आहे. पानोपानी खऱ्या पुस्तकांची मुखपृष्ठे चितारली आहेत, मुले ती शोधत बसतात. पॅट मोरा यांचे 'तोमास अँड द लायब्ररी लेडी' (१९९७) हेही ग्रंथालयाचेच पुस्तक. शेतमजुरांच्या घरातला तोमास आयोवातल्या एका ग्रंथपाल बाईंमुळे वाचू लागतो. हा मुलगा म्हणजे पुढे लेखक आणि विद्यापीठाचे प्रमुख झालेले तोमास रिव्हेरा.

मॅट दे ला पेन्या यांचे 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' अमेरिकन बालसाहित्यासाठीच्या न्यूबेरी पदकाचे २०१६ चे मानकरी ठरले. चित्रपुस्तकाला हे पदक क्वचित मिळते, आणि लॅटिनो लेखकाला ते प्रथमच मिळत होते.

आठ ते बारा वर्षे

फ्रान्सिस्को हिमेनेस यांचे 'द सर्किट' (१९९७) या वयासाठी सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी, द्राक्षे, कापूस अशा हंगामांमागे फिरणाऱ्या कुटुंबातले हे लेखकाचे स्वतःचे बालपण आहे. शाळा जरा रुळते तोच हंगाम संपतो आणि सामान पुन्हा गाडीत जाते. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर कशी तुटते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कथा वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. पॅम मुन्योस रायन यांची 'एस्पेरान्झा रायझिंग' (२०००) अशाच मळ्यांत घडते, पण कादंबरीच्या अंगाने. मेक्सिकोतली श्रीमंत घरची मुलगी १९३० च्या सुमारास सगळे गमावून कॅलिफोर्नियात मजुरीला येते. लेखिकेच्या आजीच्या आयुष्यावर ती बेतली आहे.

मेदिना यांच्या 'मर्सी सुआरेझ चेंजेस गिअर्स' ला २०१९ चे न्यूबेरी मिळाले. शेजारीशेजारी तीन घरांत राहणारे क्यूबन कुटुंब, आणि विसरू लागलेले आजोबा. घरात कोणाला स्मृतिभ्रंश झाला असेल तर मुलाला समजावण्यासाठी हे पुस्तक आधार देते. इतिहास आवडणाऱ्यांसाठी डंकन तोनातियू यांचे 'सेपरेट इज नेव्हर इक्वल' (२०१४) आहे. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याविरुद्ध मेंडेझ कुटुंबाने दिलेला कॅलिफोर्नियातला खटला १९४७ मध्ये अपिलात जिंकला गेला, म्हणजे शाळांतले वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या प्रसिद्ध ब्राउन खटल्याच्या सात वर्षे आधी. लांब गद्याला कंटाळणाऱ्या मुलाला पेद्रो मार्टिन यांची 'मेक्सिकिड' (२०२३) ही चित्रकादंबरी द्यावी.

किशोरवयीन

एलिझाबेथ असेवेदो यांची 'द पोएट एक्स' (२०१८) मुक्तछंदात लिहिलेली कादंबरी आहे. पाने भराभर उलटतात, म्हणून न वाचणाऱ्या मुलांनाही ती धरून ठेवते. हार्लेममधली डॉमिनिकन मुलगी आईची कडक धार्मिकता आणि स्वतःची कविता यांत सापडते. बेंजामिन अलिरे साएन्झ यांचे 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स' (२०१२) दोन मुलांच्या मैत्रीचे आणि प्रेमाचे आहे. एरिका सांचेझ यांच्या 'आय ॲम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' (२०१७) मध्ये नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न येतो. अशी पुस्तके लपवण्यापेक्षा आधी आपण वाचावीत आणि मग द्यावीत.

चुका कुठे होतात

विषय आणि लेखक यांची सरमिसळ. मुखपृष्ठावर मेक्सिको दिसले म्हणून पुस्तक मेक्सिकन लेखकाचे ठरत नाही. २०२० मध्ये 'अमेरिकन डर्ट' ही स्थलांतरितांवरची कादंबरी मोठ्या जाहिरातीसह आली, ऑप्रा विन्फ्रींनी ती आपल्या वाचकगटासाठी निवडली, आणि साचेबंद चित्रणाबद्दल अनेक मेक्सिकन-अमेरिकन लेखकांनी तिच्यावर कठोर टीका केली. ती वाचू नये असे नाही, पण लॅटिनो अनुभवाची एकमेव ओळख म्हणून ती कोणाला सुचवू नये.

फक्त सण आणि दुःख. मृतांचा सण, पिन्याता आणि सीमा एवढ्यावरच यादी संपू नये. मोटारसायकलवरून बाबांबरोबर गावभर फिरणाऱ्या मुलीचे इसाबेल किंतेरो यांचे 'माय पापी हॅज अ मोटरसायकल' (२०१९) यादीत असले तर मुलांना रोजचा आनंदही दिसतो.

स्पॅनिश शब्दांची धास्ती. अनेक लेखक मध्येच स्पॅनिश शब्द वापरतात आणि अर्थ देत नाहीत. हे जाणूनबुजून असते. प्रत्येक शब्दाला थांबू नये. पुढच्या वाक्यात अर्थ बहुधा कळतो.

आडनावाचा घोळ. ग्रंथालयात 'मार्केझ' खाली शोधल्यास पुस्तक सापडत नाही, कारण स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावे असतात आणि पहिल्यावरून क्रम लागतो. गार्सिया मार्केझ 'गार्सिया'खाली आणि वार्गास योसा 'वार्गास'खाली असतात. पॅम मुन्योस रायन मात्र 'रायन'खाली मिळतात.

यादी स्वतः कशी वाढवावी

मुलांच्या पुस्तकांसाठी पुरा बेल्प्रे पुरस्काराची यादी सर्वांत भरवशाची. प्वेर्तो रिकोहून आलेल्या बेल्प्रे १९२१ मध्ये न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या. तिथे त्या स्पॅनिशमध्येही गोष्टी सांगत, आणि झुरळीण व उंदराची बेटावरची लोककथा त्यांनी १९३२ मध्ये पुस्तकरूपात आणली. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून लॅटिनो लेखक आणि चित्रकारांना दिला जातो, २००९ पासून दरवर्षी. मानाच्या उल्लेखांची पुस्तकेही पाहावीत. टेक्सास स्टेट विद्यापीठाचा तोमास रिव्हेरा पुरस्कार मेक्सिकन-अमेरिकन जीवनावरच्या बालपुस्तकांसाठी आहे. आर्ते पुब्लिको प्रेसची पिन्याता बुक्स ही शाखा द्वैभाषिक पुस्तके काढते.

पुस्तक मिळवणे आणि वाचकाचे हक्क

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना पाळतात, कारण मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला येतो. या दिवसांत हीच पुस्तके सगळ्यांना हवी असतात. शाळेसाठी लागणार असेल तर ऑगस्टमध्येच नाव नोंदवून ठेवावे. ग्रंथालयात पुस्तक नसेल तर दोन मार्ग आहेत. दुसऱ्या ग्रंथालयातून ते मागवून घेता येते, किंवा खरेदीची सूचना देणारा अर्ज भरता येतो. ई-पुस्तके आणि ऑडिओबुक ग्रंथालयाच्या कार्डावर लिबी ॲपमधून मिळतात. ही सोय वापरावीच, कारण सामोरा आणि असेवेदो यांची पुस्तके त्यांच्याच आवाजात ऐकता येतात.

आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे. दुसऱ्याच्या मुलासाठी तो वापरता येत नाही, ही अमेरिकन ग्रंथालय संघटनेची भूमिका आहे. तिच्या १९३९ पासूनच्या हक्कपत्रात वाचकाचे मूळ, वय किंवा मते यांवरून ग्रंथालयाचा वापर नाकारू नये असे तत्त्व आहे. ते कायदा नाही, पण अनेक ग्रंथालयांनी ते स्वीकारले आहे. शाळेच्या कपाटातून एखादे पुस्तक काढल्याचे कळले, तर पुनर्विचाराची लेखी कार्यपद्धती मागावी, निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घेतला ते विचारावे, आणि शाळा मंडळाच्या खुल्या बैठकीत बोलण्याची वेळ घ्यावी. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या जिल्ह्याची नियमावली वाचूनच पुढे जावे. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये २०१२ साली राज्याच्या कायद्याचा दाखला देऊन मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद झाला आणि त्यातली पुस्तके वर्गांतून उचलली गेली. विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्या कारवाईमागे वांशिक आकस होता असा निर्णय दिला.

भारतात राहणाऱ्यांना दिल्लीच्या इन्स्तितुतो सर्व्हांतेसचे ग्रंथालय स्पॅनिश पुस्तकांसाठी उपयोगी आहे. इंग्रजी पुस्तके ऑनलाइन मागवताना संक्षिप्त आवृत्ती किंवा परीक्षेची गाइडे मूळ पुस्तकाच्या नावाखाली विकली जातात. लेखकाचे नाव, पानांची संख्या आणि प्रकाशक जुळवून मगच पैसे भरावेत.